वैल

रायपुरात कोणी नवी गाडी घेतली, की पहिला प्रश्न तिच्या रंगाचा वा किमतीचा नसतो. 'एव्हरेज किती देते?' हा असतो. मराठी माणूस तो मराठीतून विचारतो, शेजारी हिंदीतून आणि दूधवाला छत्तीसगढीतून. परंतु 'एव्हरेज' हे नाम आणि 'देणे' हे क्रियापद तिन्ही भाषांत अढळ आहे. लिटरभर पेट्रोलमागे किती किलोमीटर, एवढा सगळा अर्थ त्या एका परक्या शब्दात आपण कोंबला आहे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मला नवल वाटते ते 'देते' या क्रियापदाचे. गाय दूध देते, शेत पीक देते, तशी गाडी एव्हरेज देते. देणारी ती, घेणारे आपण; तेव्हा जितके पिळावे तितके अधिक निघेल, असा समज या व्याकरणातच कोठेतरी दडलेला असावा. निदान माझा तरी तसा समज झाला होता. त्या समजापायी एका मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या जिवावर बेतले. त्याची ही हकीकत आहे. पण तिच्याकडे वळण्याआधी गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण गाडी न समजल्यामुळेच ते घडले.

नोकरी संपल्यावर, २०२३ साली, आम्ही संकरित गाडी घेतली. आदल्या वर्षी मारुती आणि टोयोटा या दोन कंपन्यांनी जवळजवळ एकच गाडी दोन नावांनी बाजारात आणली होती. एकीने तिला ग्रँड विटारा म्हटले, दुसरीने हायरायडर. त्या जोडीतली ही एक. पुढच्या झाकणाखाली दीड लिटरचे, तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन आहे, ९२ अश्वशक्तीचे. त्याच्या जोडीला ८० अश्वशक्तीची विजेची मोटर. या दोहोंची बेरीज मात्र १७२ होत नाही, ११६ होते. कारण मोटरला तिच्या पुऱ्या ताकदीइतकी वीज एका दमात पुरवील एवढी बॅटरी मोठी नाही. बॅटरीत वीज मावते ती पाऊण युनिटाच्या आसपास, नेमके सांगायचे तर ०.७६. घरातला वातानुकूलक तेवढ्या विजेवर जेमतेम तासभर चालेल. शिवाय ही गाडी भिंतीवरच्या प्लगला लावता येत नाही. तिच्यात जी वीज असते ती पेट्रोलातूनच आलेली असते; एक तर इंजिनाने जनित्र फिरवून केलेली, किंवा गाडी थांबवताना चाकांकडून परत मिळालेली. हे वाक्य मी आज सहज लिहितो आहे. ते कळायला मला वर्ष लागले.

'संकरित' हा शब्द मराठीच्या रोजच्या बोलण्यात मोटारीमुळे नव्हे, शेतामुळे आला. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, आणि 'हायब्रीड' हा शब्द भाकरीच्या चवीविषयीच्या तक्रारीसकट घरोघर पोचला. रायपूर तर भाताचे गाव. डॉ. रिछारियांनी या मुलखातून भाताचे हजारो देशी वाण गोळा केले. तो संग्रह आज येथल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहे. अशा ठिकाणी 'हायब्रीड' म्हणवून घेणे ही काही फारशी प्रतिष्ठेची गोष्ट नव्हे. नागपूरला आक्काला फोनवर गाडीची बातमी दिली तेव्हा ती म्हणाली, "हायब्रीड घेतली? मग चव नसेल तिला."

चव होती, पण ती ओळखायला जीभ बदलावी लागली. आमच्या वडिलांकडे स्कूटर होती. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पेट्रोलच्या किमती भडकल्या, आणि त्या वर्षापासून दादांनी एक रीत घालून घेतली. तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते इंजिन बंद करीत आणि राहिलेल्या वेगावर स्कूटर घरंगळत घराच्या ओट्यापर्यंत आणीत. चौकात पोलिसाने हात दाखवला की आधी न्यूट्रल, मग चावी बंद. ही रीत माझ्या हातापायांत इतकी मुरलेली होती की नव्या गाडीतही सिग्नलला थांबलो की माझा हात आपोआप दांडा न्यूट्रलवर नेई. या गाडीत तो उलटा व्यवहार आहे. थांबल्यावर इंजिन आपले आपण बंद होते. आणि न्यूट्रलमध्ये बॅटरी भरणेच थांबते. घडी चौकात रखडलेल्या रांगेत वातानुकूलक चालू ठेवून, दांडा न्यूट्रलवर टाकून मी काटकसर करीत असे, आणि बॅटरी मुकाट्याने रिकामी होत असे. दादांना हे सांगितले असते तर त्यांना पटले नसते. माझ्यावरही हे पटवून घ्यायची वेळ यावी, याचा राग आला होता.

दुसरी चूक अधिक सुशिक्षित होती. गाडीच्या पडद्यावर एक चित्र दिसते: इंजिन, मोटर, बॅटरी, चाके, आणि त्यांच्यामध्ये धावणारे बाण. इंजिन बंद असले आणि बॅटरीकडून चाकांकडे बाण जात असला, की चालकाच्या मनात फुकटात जेवण मिळाल्याचा आनंद दाटून येतो. मी तेलीबांधा तलावाच्या कडेने गोगलगायीच्या गतीने, इंजिन जागे होऊ नये म्हणून श्वास रोखून गाडी नेत असे. मागून येणारे भोंगे वाजवीत. चार-पाच मिनिटांनी बॅटरीची पातळी उतरे, इंजिन घरघरत उठे आणि उभ्या गाडीत नुसती बॅटरी भरीत बसे. पेट्रोलातून वीज, विजेतून बॅटरी, बॅटरीतून पुन्हा वीज, आणि मग चाक. प्रत्येक पायरीवर थोडे सांडते. फुकटचे म्हणून मी जे खात होतो ते व्याजाने काढलेले होते.

खरी रीत याच्या उलट आहे, आणि ती मला पुस्तकाने नव्हे, पायाने शिकवली. या इंजिनाचे चक्र जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याच्या १८८२ मधल्या कल्पनेवरून आले आहे: वायूला जितके दाबायचे त्याहून अधिक पसरू द्यायचे, म्हणजे त्याच्या उष्णतेतून जास्तीत जास्त काम निघते. असे इंजिन काटकसरी खरे, पण मंद गतीला अशक्त. ते मध्यम भाराखाली सर्वांत चांगले चालते. म्हणून गाडी सुरू करताना पाय घाबरत घाबरत दाबायचा नाही. बेताने, पण ठामपणे दाबून पन्नास-पंचावन्नचा वेग गाठायचा, इंजिनाला त्याचे काम नीट करू द्यायचे, आणि मग पाय क्षणभर पूर्ण उचलायचा. इंजिन झोपते. त्यानंतर पाय पुन्हा इतका हलका टेकायचा की बाण ना इकडे जातो ना तिकडे. गाडी घरंगळत राहते, दादांच्या स्कूटरसारखी. वेग चाळीसच्या खाली आला की पुन्हा ठामपणे दाबायचे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना हे जमते. आणि छत्तीसगढच्या मैदानासारखा सपाट प्रदेश शोधूनही मिळायचा नाही. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला मी हा अभ्यास केला आहे. फिरायला निघालेली मंडळी माझ्याकडे ज्या नजरेने पाहत, तिचे वर्णन करीत नाही.

ब्रेकचे शास्त्र तर त्याहून सुंदर. माणसे आणि सामान धरून सोळाशे किलोंची गाडी ताशी साठ किलोमीटरने धावत असेल, तर त्या वेगात सुमारे ०.०६ युनिट ऊर्जा साठलेली असते. आकडा क्षुल्लक वाटेल. पण एवढा वेग निर्माण करायला इंजिनाने वीसेक मिलिलिटर पेट्रोल जाळलेले असते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की ते सगळे घर्षणाच्या उष्णतेत जाते. आमटीची लहान पळी भरावी आणि रस्त्यावर ओतावी, तसे. संकरित गाडीत ब्रेक हळू दाबला तर तीच मोटर उलट भूमिका घेऊन जनित्र होते, आणि त्या वेगाचा बराचसा भाग बॅटरीत परत जातो. पण कचकन दाबला तर मोटरला तेवढे झेलता येत नाही आणि जुने घर्षणाचे ब्रेक पुढे होतात. म्हणजे सारी गोष्ट दूर पाहण्यावर येते. पुढचा सिग्नल पिवळा होण्याआधी त्याची चाहूल लागली पाहिजे. सायकलवाला वळणार हे त्याच्या खांद्यावरून कळले पाहिजे. पेट्रोल पंपांवरच्या पाट्यांवर पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्थेचा ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा सल्ला आपण सर्वांनी वाचलेला आहे. ही संस्था १९७८ मध्ये निघाली. वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा अडसर दीडपटीहून अधिक होतो, हे त्या सल्ल्यामागचे गणित. पण त्या पाट्यांवर 'दूर पाहा' असे कोणी लिहिलेले मला आठवत नाही.

इथवर माझे ठीक चालले होते. बिघडले ते आकड्यामुळे. कंपनीने जाहीर केलेला आकडा २७.९७. तो प्रयोगशाळेतल्या ठरीव चाचणीचा असतो, रस्त्यावर तो मिळायचा नाही, हे मला ठाऊक होते; आणि ठाऊक असूनही मला तो हवा होता. साहित्याच्या परीक्षणात ज्यांनी आयुष्यभर आकड्यांची टिंगल केली, त्यांच्यावर म्हातारपणी आकडे असा सूड उगवतात. २२ आला की २३ हवा, २४ आला की दशांशचिन्हापुढे डोळे जात. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही जगदलपूरला गेलो होतो. परतताना केशकाळचा घाट उतरू लागलो, तेव्हा मी मनात हिशेब मांडून बसलो होतो: सोळाशे किलोंची गाडी शंभर मीटर खाली आली की सुमारे ०.४३ युनिट ऊर्जा सुटते, म्हणजे आपल्या बॅटरीच्या निम्म्याहून जास्त. घाटाने मला दोन-तीन वळणांतच तोंडघशी पाडले. बॅटरी तुडुंब भरली आणि तिने पुढचे घेणे नाकारले. मग गाडीने पेट्रोल न जाळता इंजिन नुसतेच गरगर फिरवून वेग आवरायला सुरुवात केली. आत जोराची घरघर, बाहेर सालवृक्षांचा इतका देखणा डोंगर, आणि माझ्या मनात एकच विचार, की हे सगळे वाया चालले आहे. पत्नीने काय काय दाखवले ते मी पाहिले नाही. घाट संपेपर्यंत मला कोणीतरी लुबाडीत असल्यासारखे वाटत राहिले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी आणि पत्नी आक्काला आणायला नागपूरला गेलो. आक्का एकोणऐंशीची. आई आजारी पडल्यावर बाराव्या वर्षापासून तिने घर सांभाळले, आम्हां भावंडांना वाढवले, लग्न होऊन नागपूरला गेली, आणि आता तेथे एकटी राहते. नवतपा सुरू झाला होता. पहाटे निघायचे ठरले होते. पण तिच्या पूजेला आणि शेजारणींच्या निरोपाला उशीर झाला, आणि पारडी ओलांडायलाच दहा वाजले. नागपूर ते रायपूर सुमारे २९० किलोमीटर. पूर्वी हा सहा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता त्रेपन्न क्रमांकाचा आहे. भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा पडद्यावर २५.८ आकडा होता. एवढा मी महामार्गावर कधी पाहिला नव्हता.

लाखनीनंतर मी वातानुकूलक बंद केला आणि खिडक्या उघडल्या. "आता झाडी सुरू होते, मोकळा वारा बरा," असे काहीतरी बोललो. हे खोटे होते. खोटे दोन प्रकारांनी: एक तर तो वारा नव्हता, भट्टीचा झोत होता, दुसरे, वेगात खिडक्या उघड्या ठेवल्या तर हवेचा अडसर वाढून वाचलेल्यातले काही पुन्हा जातेच, हे मला माहीत होते. आक्का काही बोलली नाही. मागून घेणे हा तिच्या पिढीतल्या बायकांचा स्वभावच नव्हे. साकोली गेली. पुढे नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातून रस्ता जातो, आकडा २६.३ झाला, २६.४ झाला. मागच्या आसनावरून पत्नी म्हणाली, "अहो, वन्सं बोलत का नाहीत?" मी वळून पाहिले. आक्काची मान खिडकीकडे कलली होती. तोंड कोरडे, अंगाला हात लावला तर चटका बसावा असे तापलेले, आणि घामाचा थेंब नाही.

देवरीला एका लहान दवाखान्यात तिला सलाइन लावले. डॉक्टर तरुण होता. त्याने पाण्याच्या पट्ट्या, पंखा, सगळे झटपट केले, आणि मग मला विचारले, "गाडीत एसी नाही का, काका?" मी "आहे" म्हणालो. त्याने पुढे काही विचारले नाही. तीन तासांनी तिने डोळे उघडून पाणी मागितले आणि बाहेर किती ऊन आहे ते विचारले. तिला घेऊन निघालो, बटण दाबले, आणि पडदा उजळला. आकडा तेथेच होता, २६.४.

रायपुरात चार दिवसांत ती हिंडूफिरू लागली. त्या चार दिवसांत मी गणित करून पाहिले होते. वातानुकूलक बंद ठेवून त्या टापूत माझे अर्धा लिटर पेट्रोल वाचले असेल, पन्नास रुपये. हे मी कोणाला सांगणार नव्हतो. पण एका संध्याकाळी स्वयंपाकघरात ती वाटाणे सोलीत बसली असताना तिनेच विचारले, "किती वाचले रे त्या दिवशी?" मी सांगितले. तिने शेंग फोडली.

"वैल आठवतो का तुला, तात्यापाऱ्यातल्या चुलीचा?"

आठवत होता. आज स्वयंपाकघरातून चूल गेली तसा हा शब्दही गेला, म्हणून सांगतो: चुलीला लागूनच दुसरे तोंड असते, त्याला लाकूड घालीत नाहीत. मुख्य चुलीतून बाहेर पडू पाहणारी धग आतल्या वाटेने त्याच्याकडे येते. आक्का चुलीवर भात चढवी आणि वैलावर वरण ठेवी. भात उतरला की चुलीवर भाकरी, वैलावर दूध. शेवटी लाकडे मागे ओढून विझत्या निखाऱ्यांवर दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीचे पाणी, आणि रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, म्हणजे पहाटे काडी ओढावी लागत नाही. एक काडी वाचवणे ही तेव्हा खरोखरची बचत होती.

"वैलावर वरण शिजायचं," ती म्हणाली, "म्हणून मी कधी चुलीतलं लाकूड काढून घेतलं का? भाताला लागतं तेवढं लाकूड लागतंच नं. बाहेर चाललेली धग तेवढी धरायची. तू तर भातच कच्चा ठेवून राहिला."

रागावून नव्हे, सोलण्यातून मान वर न करता. मग तिने विषय बदलला, की वाटाणे महाग झाले आहेत, आणि या दिवसांत मिळतात तेच नवल.

मी गाडीची सगळी शास्त्रीय माहिती वाचली होती. ब्रेकमधून परत मिळणाऱ्या विजेवर मी लोकांना व्याख्याने दिली होती. पण ही गाडी म्हणजे वैल जोडलेली चूल आहे, हे मला सुचले नव्हते. आणि सुचले असते तरी त्याचा दुसरा अर्धा भाग, की चुलीचे लाकूड ज्यासाठी जाळायचे ते आधी शिजले पाहिजे, तो मी सोयीस्करपणे विसरलो असतो. गाडीत बसलेल्या माणसाला गार ठेवणे हा नागपूर-रायपूर प्रवासात भात आहे. वरण नव्हे.

आषाढात तिला परत पोचवायला निघालो, तेव्हा ती आपण होऊन पुढच्या आसनावर बसली. वातानुकूलक सव्वीसवर ठेवला होता. टाटीबंध मागे पडले, खारून ओलांडली, कुम्हारी आली. पावसाळ्यात आमच्याकडे ओल्या शेतांतून गाई उठून कोरड्या डांबरावर येऊन बसतात. भिलाईच्या अलीकडे आक्का म्हणाली, "पुढे काहीतरी काळं दिसून राहिलं." मला ते दिसायला आणखी काही क्षण लागले. मोतीबिंदू काढल्यापासून तिची दूरची नजर माझ्याहून चांगली आहे. मी पाय उचलला; गाडी सावकाश मंदावली, बाण चाकांकडून बॅटरीकडे वळले, आणि सात-आठ गाईंच्या घोळक्यापाशी आम्ही ब्रेकला पाय न लावता पोचलो. त्यानंतर तिने ते काम स्वतःकडेच घेतले. "ट्रॅक्टर वळते आहे." "तो पोरगा पळणार बघ." पडद्याकडे तिने एकदाही पाहिले नाही, मी पाहू लागलो की म्हणे, "त्या काचेत काय पाहून राहिला? रस्ता पाह्य."

राजनांदगावला चहासाठी थांबलो. येथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत असत. घरात मराठी, लेखणीत हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीचे कवी. त्यांच्याआधी माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढला, तोही हिंदीतच, आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले. योगायोग असा की त्याच सुमारास, १९०० मध्ये, तिकडे फर्डिनंड पोर्शे पेट्रोल आणि वीज एकत्र जोडलेली गाडी बांधीत होते. दोन भाषा आणि दोन इंजिने यांचे रूपक मला त्या चहाच्या टपरीवर फार मोहक वाटले, आणि म्हणूनच मी ते आवरले. मुक्तिबोधांना कोणती भाषा केव्हा जोर देत होती हे दाखवणारा पडदा कोणाजवळ नाही. आक्काला मी त्यांच्याविषयी सांगितले. तिने विचारले, "मग घरी भावाशी कशात बोलत?" "मराठीत." तिचे समाधान झाले.

बागनदीनंतर पाऊस लागला आणि भंडाऱ्यापर्यंत राहिला. ओल्या रस्त्यावर चाकांना पाणी बाजूला सारीत जावे लागते, काच धुकट होऊ नये म्हणून वातानुकूलकही सोडता येत नाही. आकडा हळूहळू उतरत गेला आणि मी तो उतरू दिला. तिच्या दारात गाडी उभी केली तेव्हा चार वाजले होते. पत्नी मागून पिशव्या काढीत होती.

"किती दिलं?" आक्काने विचारले.

"बावीस पूर्णांक नऊ."

"हे चांगलं का वाईट?"

"चांगलं."

"एसी धरून?"

"एसी धरून."

ती दाराच्या किल्लीसाठी पिशवीत हात घालून चाचपू लागली.